अरुंधतीला पाच वर्षं, घरच्यांना आठ दिवस

मालिका सुरू होती तेव्हाची गोष्ट. रक्ततपासणीचा कागद टेबलावर ठेवून काकू समोर बसल्या. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीएवनसीचा आकडा मागच्या खेपेपेक्षा वर गेला होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "सकाळचं चालणं सुरू आहे ना?" उत्तर शेजारच्या खुर्चीतून आलं. "कसलं चालणं, डॉक्टर! नवे बूट आणले, आठ दिवस मिरवले, नवव्या दिवशी नाटक बंद. हिचं दर वेळी असंच," काका म्हणाले. काकू पदराशी चाळा करत राहिल्या.

वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मी विषय बदलला. बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात तिथल्या टीव्हीवर 'आई कुठे काय करते!'चा भाग सुरू होता. त्याबद्दल विचारलं तसे काका एकदम खुलले. "आमच्याकडे एक दिवस चुकत नाही. ती अरुंधती बघा. आधी नवऱ्यापुढे तोंड उघडत नव्हती. आता कशी ठामपणे बोलते! हळूहळू बदलली, पण काय बदलली!"

काकूंनी मान वर केली आणि एवढंच म्हणाल्या, "तिला दोन वर्षं लागली."

काका गप्प झाले. मीही औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. पण त्या वाक्याने मला बरेच दिवस सोडलं नाही. मालिकेतल्या माणसाचा सावकाश होणारा बदल आपल्याला इतका आवडतो, मग घरातल्या माणसाच्या बदलाला आपण आठ दिवसांत नापास का करतो? हा प्रश्न मनोरंजनाइतकाच आरोग्याचाही आहे, म्हणून या सदरात तो मांडतो आहे.

अरुंधतीत नेमकं काय आवडलं?

स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर २०१९ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. हजाराहून अधिक भाग झाले. कथेचं मूळ 'श्रीमयी' या बंगाली मालिकेत. हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. मराठीत मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती देशमुख घराघरांत पोहोचली. 'समृद्धी' बंगल्यातली ही गृहिणी. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, तीन मुलं मोठी झालेली, सासू-सासऱ्यांचं सगळं तिच्याकडे; तरी घरच्यांच्या लेखी आई कुठे काय करते? नवऱ्याचे, अनिरुद्धचे, ऑफिसमधल्या संजनाशी संबंध आहेत हे तिला कळतं. पुढे घटस्फोट, ते घर सोडणं, मागे पडलेलं गाणं पुन्हा हाती घेणं, आशुतोषशी मैत्री आणि नंतर त्याच्याशी लग्न.

असं चार ओळींत सांगितलं की हा प्रवास सरळ वाटतो. पडद्यावर तो तसा नव्हता. ती माफ करायची, पुन्हा दुखावली जायची. ठाम बोलायची, मग रात्रभर आपलं चुकलं का म्हणून झुरायची. घटस्फोटानंतरही देशमुखांकडे काही झालं की धावत जायची. "आता तरी सोड ना ते घर!" असं टीव्हीकडे बघून चिडून म्हणणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा तिथेच.

माझं मत असं की हा चिडचिडा करणारा डगमगाटच तिच्या बदलाला खरेपणा देत होता. पहिल्याच महिन्यात बॅग भरून ती बाहेर पडली असती, तर आपण टाळ्या वाजवून विसरून गेलो असतो. ती आपल्यासारखी अडखळली, म्हणून तिचं उभं राहणं आपल्याला आपलं वाटलं. आणि या बाबतीत मानसशास्त्राकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

पडद्यावरची ओळखीची माणसं

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये मनोविकारशास्त्राच्या एका नियतकालिकात एक लेख लिहिला. टीव्ही तेव्हा नवा होता. पडद्यावर रोज दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एक नातं जुळतं, आपण त्याला ओळखतो असं वाटू लागतं, हे त्यांनी मांडलं. नातं अर्थात एकतर्फी. आपण अरुंधतीला ओळखतो, ती आपल्याला ओळखत नाही. पण मनाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. ती रडली की आपला घसा दाटतो, अनिरुद्ध कुत्सित बोलला की आपल्या कपाळावर आठी येते.

याला वेडेपणा म्हणायची गरज नाही. माणसाचा मेंदू माणसं वाचण्यातच तरबेज झाला आहे. समोरचा चेहरा खरा की अभिनयाचा, हे बुद्धीला कळतं. भावना मात्र आधीच कामाला लागलेल्या असतात. रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच-सहा दिवस, अशी पाच वर्षं एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात डोकावायला मिळालं, तर तिच्याबद्दल आपल्याला चुलत बहिणीपेक्षा जास्त माहिती होते. चुलत बहीण लग्नकार्यात भेटते, तेव्हा नटूनथटून हसत असते. अरुंधती एकटी असताना काय करते, हे आपण पाहिलेलं असतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. पडद्यावरच्या माणसाची आतली घालमेल आपल्याला दाखवली जाते. घरातल्या माणसाची दिसत नाही. सकाळी साडेपाचला गजर बंद करून काकू पुन्हा आडव्या झाल्या, एवढंच काकांना दिसलं. त्याआधी दहा मिनिटं त्यांच्या मनात काय चाललं होतं, गुडघा किती ठणकत होता, सातच्या आत डबा होईल का याचा हिशेब कसा सुरू होता, त्याला पार्श्वसंगीत नव्हतं आणि कॅमेराही नव्हता.

सापाला भिणारी माणसं

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत उद्बोधक प्रयोग टीव्हीचा नाहीच, सापाचा आहे. डोनाल्ड माइकेनबॉम हे मानसशास्त्रज्ञ पुढे विचार बदलून वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीचे एक प्रवर्तक म्हणून ओळखले गेले. १९७१ मध्ये त्यांनी सापाची भीती असलेल्या माणसांवर एक अभ्यास केला. काहींना सापाला बेधडक हात लावणारी माणसं दाखवली. सुरुवातीपासून शांत, भीतीचा लवलेश नाही. इतरांना दाखवलेली माणसं वेगळी होती. ती आधी घाबरली, थबकली, स्वतःला सावरलं आणि मग सापापर्यंत पोहोचली.

कोणाकडे बघून भीती जास्त कमी झाली? घाबरून मग सावरणाऱ्यांकडे बघून.

यात तसं नवल नाही. बेधडक माणूस बघून आपण म्हणतो, "त्याला जमतं, त्याचं काळीजच वाघाचं." कौतुक होतं आणि विषय संपतो. घाबरलेल्या माणसाला जमलं की मनात वेगळाच विचार येतो, "तोही माझ्यासारखाच होता की." अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास चार वाटांनी येतो, असं ते म्हणत: स्वतःला आधी आलेलं यश, आपल्यासारख्याच इतरांना जमलेलं पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या क्षणी शरीर-मनाची अवस्था. यातल्या दुसऱ्या वाटेवर मालिका उभ्या असतात. अट एकच, पात्र आपल्यासारखं हवं. कुठल्याही संकटात केस न विस्कटणारी, सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच ठाऊक असणारी नायिका बघायला छान वाटते. शिकवत काहीच नाही.

एका शिवणयंत्राची गोष्ट

हे सूत्र मालिका लिहिणाऱ्यांच्या हाती पोहोचलं ते लॅटिन अमेरिकेत. पेरू देशात १९६९ मध्ये 'सिंप्लेमेन्ते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. मारिया ही गावाकडून शहरात मोलकरीण म्हणून आलेली मुलगी. ती फसवली जाते, लिहायला-वाचायला शिकते, शिवणकाम शिकते आणि शेवटी मोठी वेशभूषाकार होते. मालिका सुरू असताना तिकडे शिवणयंत्रांची विक्री वाढली. मारियाच्या लग्नाचं चित्रीकरण लिमामधल्या एका चर्चमध्ये ठरलं, तेव्हा नटूनथटून, भेटवस्तू घेऊन हजारो लोक बाहेर जमले.

मेक्सिकोतले नाट्यदिग्दर्शक मिगेल साबिदो यांनी या मालिकेचा बारकाईने अभ्यास केला. कुणी ठरवून काही शिकवलेलं नव्हतं, तरी लोक शिकले कसे? त्यातून त्यांनी पात्रांची एक रचना तयार केली. काही पात्रं पूर्ण चांगली, काही पूर्ण वाईट आणि काही मधली, दोन्हीकडे ओढली जाणारी, चुका करत करत बदलणारी. प्रेक्षक कौतुक चांगल्याचं करतो, शिव्या वाईटाला घालतो. पण चालतो मधल्याच्या पावलांवर, असा साबिदो यांचा विश्वास होता. १९७५ मध्ये त्यांनी प्रौढ साक्षरतेसाठी मालिका केली आणि मेक्सिकोत साक्षरता वर्गांमधली नावनोंदणी मोठ्या प्रमाणात वाढली. पुढे टांझानियात १९९३ पासून 'त्वेंदे ना वाकाती' ही रेडिओ मालिका याच धर्तीवर झाली. कुटुंबनियोजन आणि एड्स हे तिचे विषय होते. त्यातली तुनू ही ट्रकचालकाची सोशिक बायको हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. देशाच्या एका भागात सुरुवातीची दोन वर्षं ही मालिका मुद्दाम ऐकवली गेली नाही, म्हणून तुलना करता आली.

आपल्याकडे हाच धागा 'हमलोग'मध्ये आला. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मनोहर श्याम जोशी यांनी लिहिली होती. १५६ भाग झाले. भाग संपला की अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे, हे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. त्यात भागवंती ही आई होती. सगळं सोसणारी, कधी न बोलणारी. असं सोसत राहिलं की बाईची काय दशा होते, हे तिच्यातून दाखवायचं होतं. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा अनेकांनी तिलाच आदर्श ठरवलं. आई असावी तर अशी!

मला या गोष्टीत फार मोठा धडा दिसतो. नुसतं दुःख दाखवलं की आपला समाज त्याची पूजा करतो. सोसणारी बाई आपल्याकडे देव्हाऱ्यात जाते. ती बदलताना दाखवावी लागते, आणि तो बदल सावकाश, पटेल असा दाखवावा लागतो. भागवंती आणि अरुंधती या दोघी सोशिकच. दुसरी पुढे सरकली, एवढाच फरक. त्या फरकासाठी मराठी प्रेक्षकांनी पाच वर्षं दिली, हे मला आशादायक वाटतं.

आठ दिवस नव्हे, सहासष्ट

आता दवाखान्यात परत येऊ. मधुमेह, रक्तदाब, स्थूलपणा, तंबाखू, दारू यांच्या बाबतीत डॉक्टर गोळ्या देतो, पण निम्मं काम पेशंटच्या सवयी बदलण्याचं असतं. आणि सवयी बदलण्याचं शास्त्र अरुंधतीच्या कथेसारखंच पुढे-मागे होत जातं.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंते यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाच्या पायऱ्या सांगितल्या. पुढे ही मांडणी विकसित झाली. आधी बदलायचा विचारच नसतो. मग विचार येतो, पण पाऊल पडत नाही. मग तयारी, मग कृती, मग ती टिकवणं. यात घसरणं गृहीत धरलेलं आहे. माणसं खाली येतात, पुन्हा चढतात. या पायऱ्या इतक्या आखीव नसतात, अशी टीका नंतर झाली आणि ती योग्यही आहे. तरी घसरण म्हणजे शेवट नव्हे, हा मुद्दा माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. पहिल्याच प्रयत्नात तंबाखू कायमची सुटलेले पेशंट मी मोजकेच पाहिले आहेत. चौथ्या-पाचव्या खेपेला सुटलेले कितीतरी जास्त.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी जेवणाआधी धावायचं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं मधलं उत्तर आलं. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या प्रवासावर फारसा परिणाम होत नाही.

म्हणजे काकूंची नवव्या दिवसाची दांडी शास्त्राच्या हिशेबात क्षुल्लक होती. ती मोठी केली काकांच्या टोमण्याने. "नाटक संपलं" हे ऐकल्यावर दहाव्या दिवशी बूट घालायला मन धजत नाही, कारण आता चालण्यासोबत लाजही चालणार असते. टोमणा हा आपल्याकडचा स्वस्तातला घरगुती उपाय. प्रेमापोटी केला जातो, सुधारणेसाठी केला जातो आणि बहुतेकदा उलटा पडतो.

आपण बदलतो, हे आपल्यालाच पटत नाही

यामागे एक मजेशीर कारण असावं. जॉर्डी कोइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते ६८ या वयातल्या १९ हजारांहून अधिक लोकांना त्यांनी विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? प्रत्येक वयाच्या लोकांचं उत्तर एकाच वळणाचं होतं. मागे खूप बदललो, पुढे फारसं नाही. जणू आजचे आपण म्हणजे घडून पूर्ण झालेलं भांडं.

स्वतःबद्दल जर असा गैरसमज, तर बायकोबद्दल, मुलाबद्दल, सुनेबद्दल काय असेल? "तो असाच आहे." "हिचं दर वेळी असंच." ही वाक्यं आपण पुरावा दिल्यासारखी उच्चारतो. मालिकेचं मोठेपण मला इथे दिसतं. मागच्या वर्षीची अरुंधती आणि आजची अरुंधती आपण शेजारी शेजारी ठेवू शकतो. जुना भाग बघितला की धक्का बसतो, केवढी वेगळी होती ही! घरच्या माणसाचे जुने भाग कुणी साठवून ठेवत नाही.

आणखी एक पात्र इथे आठवतं, रूपाली भोसले यांनी साकारलेली संजना. सुरुवातीला तिला शिव्यांची लाखोली वाहिली गेली. अनिरुद्धशी लग्न झाल्यावर तिच्याही वाट्याला तीच उपेक्षा आली आणि प्रेक्षकांचा सूर बदलू लागला. "तिचंही बिचारीचं काय झालं बघा," हे माझ्याच वेटिंगमध्ये ऐकलं आहे, तेही पूर्वी तिला नावं ठेवणाऱ्या तोंडून. इथे पात्रासोबत प्रेक्षकही बदलला. एखाद्या माणसाबद्दल पक्कं केलेलं मत मागे घेता येणं, हे मनाच्या निरोगीपणाचं लक्षण आहे. ते मालिकेमुळे घडलं, म्हणून त्याला कमी लेखण्याचं कारण नाही.

दुसरी बाजू

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, मालिका सावकाश चालते ती शास्त्रासाठी नव्हे, टीआरपीसाठी. खरं आहे. वाढवलेल्या कथेत पात्राची वाढ अनेकदा मोडलीही जाते. कमावलेला ठामपणा पुढच्या वळणासाठी पुसला जातो. अरुंधतीचा आशुतोषसोबतचा संसार मृत्यूने संपवला, तेव्हा अनेक प्रेक्षक नाराज झाले. मीही त्यांच्यातला. त्या नाराजीचा अर्थ वाहिन्यांनी समजून घ्यावा. प्रेक्षकाने त्या बदलात स्वतःचा वेळ आणि जीव गुंतवलेला असतो. आणखी एक संकट घालून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली, की 'काहीही करा, शेवटी बाईच्या नशिबी हेच' असा उलटा धडा जाण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप, अशा मालिका घरं मोडायला शिकवतात. याबद्दल भारतातलाच एक पुरावा पाहू. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या ग्रामीण कुटुंबांची २००१ ते २००३ मधली माहिती त्यात होती. ज्या गावांत त्या काळात केबल टीव्ही नव्याने आला, तिथे बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरातल्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला. हा परिणाम नेमका कोणत्या मालिकेचा, हे यातून कळत नाही. तोंडी उत्तरं बदलली म्हणजे वागणं तेवढंच बदललं, असंही नाही. पण पडद्यावरच्या वेगळ्या बायका बघून घरातली बाई आपल्या आयुष्याकडे नव्याने बघू लागते, एवढं म्हणायला जागा आहे. यात घरं मोडण्यापेक्षा सावरण्याचीच शक्यता मला अधिक दिसते.

तिसरा आक्षेप डॉक्टर म्हणून माझा स्वतःचाच. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत सोफ्यावर बसून पाच मालिका बघणं शरीराला मानवणारं नाही. कुणाच्या बदलाचं कितीही कौतुक केलं, तरी त्याने आपली साखर उतरत नाही. एक मालिका मनापासून बघावी आणि उरलेल्या वेळात पाय मोकळे करावेत.

मग घरात काय करायचं?

अरुंधतीचा बदल एकटीने झाला नाही, हे आपण विसरतो. सासरे असूनही आप्पा तिच्या बाजूने उभे राहिले. धाकटा यश होता, मैत्रीण देविका होती. तिच्या घसरणीच्या दिवसांतही ही माणसं तिच्याशी नेहमीसारखीच बोलत होती. घरातल्या बदलणाऱ्या माणसाला औषधाइतकीच अशा एका आप्पांची गरज असते.

दुसरी गोष्ट वेळेची. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात. पुरुष ९७ मिनिटं, आणि तेही जे करतात त्यांच्यापुरतं. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष चारातले जेमतेम एक. म्हणजे जवळपास पाच तास बिनपगारी काम करणाऱ्या बाईला आपण वरून सांगतो, रोज पाऊण तास चाल. ती पाऊण तास आणणार कुठून? डब्याची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतल्याशिवाय तिचे बूट दारातच राहणार. हे मी पूर्वी चिठ्ठीवर लिहीत नसे. आता काकांना समोर बसवून सांगतो.

तिसरी गोष्ट भाषेची. "परत सोडलंस ना?" याऐवजी "काल राहिलं, आज जाऊ या का?" एवढा फरक पुरतो. दारू सोडू पाहणारा मुलगा, परीक्षेत मागे पडून पुन्हा अभ्यासाला लागलेली नात, निवृत्तीनंतर स्वयंपाक शिकू पाहणारे आजोबा, सगळ्यांना हेच लागू. पहिल्या घसरणीला निकाल लावायचा नाही. मालिका बघताना आपण हे किती सहज करतो! आज ती कच खाऊन परत गेली, तरी उद्याचा भाग आपण बघतोच.

त्या काकू अजून येतात. त्यानंतरही त्यांचं चालणं दोनदा बंद पडलं. एकदा गुडघ्यामुळे, एकदा घरात पाहुणे आले म्हणून. सध्या शेजारणीसोबत आठवड्यातून चार-पाच दिवस होतं. एचबीएवनसी खाली आला आहे, हवा तितका अजून नाही. सकाळचा चहा आता काका करतात. कसा होतो विचारलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तेही शिकतायत हो. वेळ लागेल." शेजारी बसलेले काका या वेळी काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली.